घराजवळचे पक्षी: दाणापाणी, घरटी आणि निरीक्षण (ठाणे-नवी मुंबईसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

वाशी-नेरूळच्या रो हाउसचं मागचं अंगण, घोडबंदर रोडवरच्या टॉवरची गॅलरी, नौपाड्यातल्या जुन्या सोसायटीची बाग अशा तिन्ही ठिकाणच्या लोकांना पडणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरं कोकणपट्टीच्या हवेला धरून आहेत. दमट उन्हाळा आणि चार महिन्यांचा पाऊस असलेल्या या भागात परदेशी पुस्तकांतल्या सूचना जशाच्या तशा चालत नाहीत.

पक्ष्यांना खायला घालायची खरंच गरज आहे का?

दाण्यांची गरज फार थोडी आहे. पाण्याची मार्च ते जूनमध्ये नक्की आहे, आणि झाडाझुडपांची बाराही महिने. आमचा क्रम स्पष्ट आहे: आधी पाणी, मग झाडं, सगळ्यात शेवटी दाणे. कारण साधं आहे. दाणे खाणारे पक्षी थोडे: चिमणी, मुनिया, होला, कबुतर, पोपट. शिंपी, दयाळ, नाचण, शिंजीर (फुलांतला मध पिणारा सनबर्ड), तांबट यांतला एकही पक्षी तुमच्या बाजरीकडे बघणार नाही. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना सुरुवातीचे दिवस अळ्या आणि किडेच भरवते, कारण वाढत्या पिल्लाला प्रथिनं लागतात. ज्या बागेत दर पंधरा दिवसांनी कीटकनाशक फवारलं जातं, तिथे दाण्यांचं ताट कितीही भरलेलं असलं तरी पिल्लं जगवणं अवघड जातं.

आम्ही बाराव्या मजल्यावर राहतो. आमच्याकडे काय येईल?

कबुतरं, कावळे, पोपट, साळुंक्या येतील. समोरून घारी आणि पाकोळी पक्षी जाताना दिसतील. चिमण्या, बुलबुल, शिंपी हे झाडांच्या उंचीवर वावरणारे पक्षी आहेत. पहिल्या ते चौथ्या मजल्यापर्यंत आणि जवळ झाड असेल तर त्यांची चांगली शक्यता असते. शिंजीर मात्र फुललेल्या कुंड्या दिसल्या तर बरेच वर चढतात. उंच मजल्यावर दाणे ठेवले तर ते जवळपास सगळे कबुतरांच्या पोटात जातात, म्हणून दहाव्या मजल्याच्या वर दाणे ठेवूच नयेत असं आमचं मत आहे. पाण्याचं भांडं आणि फुलझाडं पुरे.

पाण्याचं भांडं कसं असावं?

मातीची पसरट थाळी सगळ्यात चांगली. कुंडीखाली ठेवतात ती चालते. रुंदी ३० ते ४० सेंमी, आणि पाण्याची खोली कडेला १ ते २, मध्यभागी फार तर ५ सेंमी. खोल भांड्यात लहान पक्षी उतरत नाहीत, उतरले तर बुडतात. घरात खोल भांडंच असेल तर मधे एक खडबडीत दगड ठेवा, त्याचा माथा पाण्याबाहेर राहू द्या. प्लास्टिक आणि स्टील नको. एक निसरडं, दुसरं मे महिन्यात तापतं.

जागा सावलीची हवी. मांजर दबा धरून बसेल अशा दाट झुडपापासून किमान दोन मीटर लांब, पण वर एखादी फांदी असावी, कारण भिजलेला पक्षी नीट उडू शकत नाही आणि त्याला लगेच जाऊन बसायला जागा लागते.

पाणी रोज बदला. थाळी काथ्याने किंवा ब्रशने घासूनच भरा, नुसतं वरचं पाणी ओतून टाकणं पुरत नाही. एडिस डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. रोज घासलेल्या थाळीत डेंग्यूचा डास तयार होऊ शकत नाही. पावसाळ्यात महापालिकेची माणसं तपासणीला आली तर हेच त्यांना सांगता येतं. तुम्ही आठवडाभर गावी जाणार असाल तर थाळी पालथी घालून जा.

शेजारी दुसऱ्या थाळीत तीन-चार सेंमी जाडीची कोरडी, चाळलेली माती ठेवली तर चिमण्या धुळीत अंघोळ करतात. पिसांतले परजीवी कमी करण्याची ही त्यांची पद्धत आहे.

दाणे कोणते, किती आणि केव्हा?

तीन वाट्या बाजरी, एक वाटी राळे, एक वाटी तांदळाची कणी असं मिश्रण आपल्याकडच्या चिमण्या-मुनियांना पुरतं. ज्वारी आणि मका मोठे दाणे. ते ठेवले की होले आणि कबुतरं येतात. सूर्यफुलाच्या बिया पोपटांना आवडतात, पण मूठभर बियांसाठी पोपट कुंड्यांतल्या कळ्यांचाही फडशा पाडतात, तेवढी तयारी ठेवा.

दिवसाला दोन मोठे चमचे. एका चिमणीचं वजनच २५ ते ३० ग्रॅम असतं, तिला वाटीभर दाण्यांचं काय करायचं आहे? सकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान ठेवा आणि तासाभरात संपेल एवढंच ठेवा. उरलं तर उद्या निम्मं करा. संध्याकाळी उरलेले दाणे रात्री उंदीर-घुशी खातात. सोसायटीत घुशी वाढल्या की कोणीतरी विषाच्या वड्या टाकतं, आणि विष खाल्लेला उंदीर खाऊन गव्हाणी घुबड मरतं. जास्तीच्या मूठभर दाण्यांचा प्रवास असा लांबचा असतो.

पावसाळ्यात दाणे ठेवावेत का?

शक्यतो नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे गवताला बी असतं, किडे भरपूर असतात, आणि हवेतली आर्द्रता इतकी असते की उघड्यावरचं धान्य एका दिवसात ओलसर होतं. ओल्या धान्यावर बुरशी धरते. त्यातल्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात, जे पक्ष्यांच्या यकृतावर घाव घालतं. शेंगदाणे आणि मका यांना हा धोका सगळ्यात जास्त. ठेवायचेच असतील तर छपराखाली, एका वेळी एकच चमचा, आणि दुपारपर्यंत ताट कोरडं पुसून आत.

साठवण हवाबंद डब्यात, पंधरा दिवसांपुरतीच. डबा उघडल्यावर कुबट वास आला किंवा दाण्यांचा गोळा झालेला दिसला तर सगळं टाकून द्या, वरचं काढून खालचं वापरू नका. नुसते टोके झाले असतील तर घाबरायचं कारण नाही, साळुंकी ते आनंदाने टिपते.

काय अजिबात देऊ नये?

शेव, फरसाण, गाठी, वेफर, बिस्किटं, पाव, चॉकलेट, दूध, लोणचं लागलेलं उष्टं. मीठ लहान पक्ष्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. पावाने पोट भरतं आणि पोषण काही मिळत नाही. बिनमिठाचा मोकळा भात चमचाभर चालतो, पण मे महिन्याच्या उन्हात तो दोन-तीन तासांत आंबतो, तेव्हा उचलायचा. पपई, पेरू, केळं, चिकू यांच्या फोडी बुलबुल, तांबट, कोकीळ खातात. त्यासुद्धा दुपारी काढून टाका, नाहीतर मुंग्या आणि चिलटं.

दाण्याचं ताट किती वेळा धुवायचं?

आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात दर दोन दिवसांनी. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी. दहा मिनिटं भिजवून, खळखळून धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून. विष्ठा आणि दाणे एकत्र झाले की साल्मोनेलासारखे रोग एका पक्ष्याकडून साऱ्या थव्यात जातात. पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसलेला पक्षी ताटाजवळ दिसला तर दोन आठवडे दाणे पूर्ण बंद ठेवा.

कबुतरं सगळं खाऊन टाकतात. काय करायचं?

आधी हे मान्य करायला हवं की शहरातल्या कबुतरांना आपल्या दाण्यांची बिलकुल गरज नाही. ती वर्षभर अंडी घालतात, एका वेळी दोन, आणि खाणं मुबलक असेल तर एका पाठोपाठ एक वीण चालू ठेवतात. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासात जाऊन काही जणांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस हा फुप्फुसांचा गंभीर आजार होतो. मुंबईत २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कबुतरखाने बंद करण्यात आले, त्यामागे हेच कारण होतं. तेव्हा कबुतरांना मुद्दाम खाऊ घालू नका, मग ते पुण्य म्हणून असो वा सवय म्हणून.

चिमण्यांसाठीच दाणे ठेवायचे असतील तर ताटाभोवती ४ सेंमी चौकोनाच्या जाळीचा पिंजरा बसवा. चिमणी आणि मुनिया त्यातून सहज आत-बाहेर करतात, कबुतर आणि साळुंकी बाहेर राहतात. ताट पिंजऱ्याच्या कडेपासून एक वीत आत हवं, नाहीतर मान घालून खातात. लोक इथे एक गोष्ट विसरतात: खाली सांडलेले दाणे. कबुतरं वरच्या ताटापेक्षा सांडलेल्यासाठी जास्त येतात, म्हणून खाली रुंद थाळा लावा आणि रोज झाडा. एवढं करूनही थवा हटला नाही तर तीन आठवडे दाणे बंद, दुसरा उपाय नाही.

साचलेली विष्ठा कोरडी कधीच झाडू नका. आधी पाणी मारून पूर्ण भिजवा, एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, मग खरवडून पिशवीत भरा.

खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार करतात, त्यांचं बरोबर आहे का?

बहुतेक वेळा बरोबर असतं. त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर विष्ठा पडते. ताट गॅलरीच्या कठड्याबाहेर लटकवू नका, आतल्या बाजूला ठेवा. सोसायटीच्या सामायिक जागेत काही करायचं असेल तर समितीला विचारून आणि धुण्याची जबाबदारी कोणाची हे ठरवूनच.

पितृपक्षात कावळ्याला घास ठेवतो. त्यात काही वावगं?

कावळा पडेल ते खाणारा पक्षी आहे, एखाद्या दिवसाच्या घासाने त्याचं काही बिघडत नाही. पान केळीचं किंवा पळसाचं ठेवा; फॉइल आणि प्लास्टिकची वाटी तो उचलून नेतो. अर्ध्या तासाने उरलेलं उचला. कावळा शिवला नाही म्हणून ताट दिवसभर गच्चीवर राहिलं की तिथे घुशी येतात.

खाडीवर सीगलना शेव घालतात, ते आपणही करावं का?

नको. हिवाळ्यात ठाणे खाडीत येणारे कुरव, म्हणजे काळ्या आणि तपकिरी डोक्याचे सीगल, मासे आणि खाडीतले लहान जीव खाणारे आहेत. त्यांना परतीचा लांबचा प्रवास करायचा असतो, आणि तळलेल्या खारट शेवेवर तो होत नाही. ठाणे खाडीचं रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य २०१५ साली घोषित झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. रोहितांना तर काही घालण्याचा प्रश्नच येत नाही. ते चिखलाच्या पाण्यातून शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात.

शिंजिरांसाठी साखरेच्या पाण्याची बाटली लावू का?

फुलं लावा. आपल्या उकाड्यात साखरेचं पाणी दुपारपर्यंत फसफसतं, रोज उकळत्या पाण्याने बाटली धुतली नाही तर त्यात बुरशी धरते, आणि मुंग्या व गांधीलमाश्या आधी येतात. एका कुंडीतला हमेलिया, एक्झोरा किंवा लाल एकेरी जास्वंद हेच काम बिनघोर करतात. दुहेरी पाकळ्यांच्या जास्वंदीत शिंजिराची चोच मधापर्यंत नीट पोहोचत नाही, म्हणून एकेरी घ्या.

मग कोणती झाडं लावावीत?

गॅलरीत: हमेलिया, एक्झोरा, जास्वंद, तुळस आणि सब्जा (फुलावर येऊ द्या, मंजिऱ्या खुडू नका), एक मोठा कढीपत्ता. कढीपत्त्याची काळी फळं बुलबुलाच्या फार आवडीची.

अंगणात जागा असेल तर शेवगा, पपई, तुती, अडुळसा, करवंदाची जाळी. सिंगापूर चेरी दोन-तीन वर्षांत फळाला येते आणि तिच्यावर तांबट, बुलबुल, फुलटोच्या यांची दिवसभर ये-जा असते. जाळीदार करवंद लावायचं आणखी एक कारण आहे: काट्यांमुळे मांजर वर चढत नाही, म्हणून घरटं टिकतं.

सोसायटीच्या हातात मोठी जागा असेल तर उंबर, पिंपळ, सावर, पांगारा. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी कितीही दाणे ठेवले तरी ताटावर येणार नाही, पण फळलेल्या उंबरावर थव्याने येतो. घाणेरी लावू नका. फुलपाखरं येतात हे खरं, पण ती पसरून येऊरच्या जंगलातही देशी झुडपांची जागा खाते.

आणि कोळ्याची जाळी सगळी झाडून काढू नका. शिंजिराची मादी घरटं बांधताना कोळिष्टकांनीच गवत, साल आणि कचरा एकमेकांना चिकटवते. शिंपीही पानं शिवायला कापूस, तंतू आणि कोळिष्टकं वापरतो. कुंडीतल्या जास्वंदीवर मावा दिसला की फवारणी करण्याआधी आठवडाभर थांबा; शिंपी आणि चष्मेवाला हे किडे टिपणारे पक्षी बऱ्याचदा तुमचं काम करून टाकतात.

चिमणीची पेटी कशी बनवायची?

बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच पेट्या दिसायला छान आणि राहायला वाईट असतात. मोजमापं अशी घ्या.

लाकूड: १८ ते २० मिमी जाडीचं जुनं सागवान किंवा पॅकिंगचं पाइन. साधा प्लायवूड पहिल्या पावसात फुगतो, पत्रा तापतो, पुठ्ठ्याचा लगदा होतो. आतला तळ १२ × १५ सेंमी, उंची २२ ते २५ सेंमी. दाराचं भोक ३२ मिमी व्यासाचं, तळापासून किमान १२ सेंमी वर. ३२ मिमीचं होल सॉ हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. हे माप महत्त्वाचं आहे, कारण भोक ४५-५० मिमी झालं की साळुंकी पेटी बळकावते. तळाला चार कोपऱ्यांत ६ मिमीची चार भोकं, पाणी झिरपायला. छताखाली दोन बाजूंना दोन लहान भोकं, हवेसाठी. छत उताराचं आणि पुढे ५ सेंमी आलेलं. आतली पुढची फळी खडबडीत ठेवा किंवा तिच्यावर आडव्या खाचा पाडा, म्हणजे पिल्लांना वर चढता येतं. एक बाजू बिजागरीची, साफ करण्यासाठी. आतून रंग किंवा वॉर्निश नाही. भोकाखाली बसायची दांडी तर मुळीच नाही; चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला मात्र पाय टेकायला मिळतो.

लावायची तीन मीटर किंवा जास्त उंचीवर, छज्जाखाली, तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो आणि दुपारचं ऊन पश्चिमेचं, म्हणून त्या दोन दिशा टाळा. चिमण्यांना शेजार लागतो. एकापेक्षा दोन-तीन पेट्या हातभर अंतराने लावलेल्या बऱ्या. डिसेंबर-जानेवारीत लावा, म्हणजे विणीच्या ऐन हंगामापूर्वी त्यांना ओळख होते.

दयाळसाठी भोक ५ सेंमी आणि तळ १५ × १५ सेंमी लागतो. त्यात साळुंकीही शिरू शकते हे धरून चाला.

पेटी लावून वर्ष झालं, कोणी फिरकत नाही.

दोनशे-तीनशे मीटरवर चिमण्या आहेत का, हे आधी बघा. चिमणी जन्मलेल्या जागेपासून फार लांब जात नाही. दिवाळे, सारसोळे, घणसोली किंवा ठाण्याची चेंदणी अशा गावठाण-कोळीवाड्यांजवळ घर असेल तर तिथल्या कौलांतल्या आणि मीटरबॉक्समधल्या चिमण्या नव्या पेटीत येण्याची चांगली शक्यता असते. नव्या टॉवरांच्या मधोमध, जिथे चिमणी मुळातच नाही, तिथे पेटी चिमणी आणू शकत नाही. चिमण्या आहेत आणि तरी पेटी रिकामी असेल तर बहुधा ऊन, सतत पेटणारा दिवा किंवा दाण्याचं ताट अगदी पेटीसमोर असणं यांपैकी काहीतरी आड येतं. ताट किमान पाच-सहा मीटर लांब न्या.

घरट्यासाठी कापूस, दोरे ठेवू का?

सुकं गवत, काथ्याचे पाच-सात सेंमीचे तुकडे, शेवरीचा थोडा कापूस चालतो. शिवणाचे दोरे, लोकर, माणसांचे लांब केस, नायलॉन नको. ते पिल्लांच्या पायाला गुंडाळले जातात आणि पाय सुकून गळतो. संक्रांतीनंतर झाडांवर आणि डिशच्या तारांवर अडकलेला मांजा दिसेल तितका उतरवा. हंगामात पक्ष्यांसाठी यापेक्षा उपयोगी काम थोडंच असेल.

आपल्याकडे कोण केव्हा घरटं करतं?

पोपट सगळ्यांत आधी, जानेवारीपासून झाडाच्या ढोलीत. फेब्रुवारीपासून तांबट वाळक्या फांदीला गोल भोक पाडायला लागतो. त्यासाठी तरी वाळकी फांदी धोकादायक नसेल तर राहू द्या. शिंजीर याच सुमाराला. मार्च ते जून हा गर्दीचा काळ: दयाळ, बुलबुल, साळुंकी, शिंपी, कावळा. पाऊस सुरू झाला की सुगरण, मुनिया, भारद्वाज, आणि मोठ्या पर्जन्यवृक्षांवर वंचक (लहान बगळे) व रातबगळे यांच्या वसाहती. चिमणी, होला आणि कबुतर यांना ठराविक महिना नाही.

डोकावून न बघता घरट्यात काय चाललंय हे कसं ओळखायचं?

पक्ष्याच्या चोचीकडे बघा. काडी, गवत, कापूस असेल तर बांधकाम. मग अचानक हालचाल कमी होते आणि एकच पक्षी मधूनमधून दिसतो: अंडी उबवणं चालू आहे. रोज एक अंडं अशी बहुतेकांची रीत असते आणि उबवणं शेवटच्या अंड्याच्या सुमाराला सुरू होतं, म्हणून पिल्लं साधारण एकाच दिवशी निघतात. चोचीत अळी किंवा नाकतोडा घेऊन पक्षी शिरू लागला की पिल्लं आली. बाहेर पडताना चोचीत पांढरी पिशवी दिसली तर ती पिल्लाची विष्ठा. घरटं स्वच्छ राहावं आणि वासाने शत्रू येऊ नये म्हणून आई-बाप ती दूर नेऊन टाकतात.

दिवसांचा अंदाज: चिमणी ११ ते १४ दिवस उबवते, पिल्लं आणखी दोन आठवड्यांनी उडतात. बुलबुलाची दोन-तीन गुलाबीसर, तांबूस ठिपक्यांची अंडी, उबवण सुमारे दोन आठवडे, पिल्लं बारा दिवसांच्या आसपास घरटं सोडतात. साळुंकीची निळी अंडी १७-१८ दिवस, पिल्लं तीन आठवड्यांहून थोडी जास्त. शिंपी १२ अधिक १४. शिंजिराची उबवण सुमारे पंधरा दिवस, ती बहुतेक मादीच करते; नर भरवायला मदत करतो.

बुलबुलाने आमच्या लटकत्या कुंडीत घरटं केलं आहे. झाडाला पाणी घालू का?

घाला, पण बारीक तोटीच्या झारीने, मातीच्या कडेला, आणि बुलबुल बाहेर गेलेला असताना. पाने छाटू नका, कुंडी हलवू नका, दिवे रात्री बंद ठेवा. गॅलरी वापरायला हरकत नाही; तुमच्या नेहमीच्या ये-जा करण्याची त्याला सवय होते. बिथरतो तो थांबून, चेहरा जवळ नेऊन बघण्याने. दिवसातून चार वेळा फांदी बाजूला सारून बघितलं की कावळ्याला घरट्याचा पत्ता आपणच देतो. बुलबुलाची घरटी मोठ्या प्रमाणात कावळा, भारद्वाज आणि मांजर यांच्या तोंडी जातात. तसं झालं तर वाईट वाटतंच, पण जोडी बहुधा जवळच पुन्हा बांधते.

घरट्याचे फोटो काढावेत का?

लांबून, फ्लॅश न वापरता, पाच मिनिटांत. फांदी बांधून किंवा पाने तोडून ‘साफ’ दृश्य करू नका. ती पानं म्हणजे सावली आणि आडोसा आहे. पक्षी चोचीत अळी धरून घरट्याबाहेरच ताटकळत असेल तर तुम्ही फार जवळ आहात, मागे या. सुगरण, घुबड, धनेश यांच्या घरट्यांची जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. बघायला ८×४२ ची दुर्बीण पुरते.

एसीच्या खोक्यात साळुंकीने घर केलंय आणि मेकॅनिक उद्या येणार आहे.

अंडी किंवा पिल्लं असतील तर मेकॅनिकला महिनाभराने बोलवा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधल्या ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंडी किंवा घरटं विस्कटणं येतं. नुसत्या काड्या जमा झाल्या असतील तर लगेच काढा आणि फट १० मिमीच्या जाळीने बंद करा. दरवर्षी हे काम जानेवारीतच उरकलं तर पेच येत नाही. जाळी ठोकण्यापूर्वी आत कोणी नाही ना, ते टॉर्चने बघा. चिमणीने घरात पंख्याच्या वाटीत काड्या आणायला सुरुवात केली तर ती वाटी कापडाने झाकून टाका. फिरत्या पंख्याने चिमण्या मरतात.

सोसायटीची पावसाळ्याआधीची छाटणी एप्रिल-मेमध्ये असते. पक्ष्यांचं काय?

हाच सगळ्यांत मोठा घोळ आहे: छाटणीचा आणि विणीचा हंगाम एकच. समितीला पुढच्या वर्षी छाटणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये करायला सांगा, आणि आताची टाळता येत नसेल तर आदल्या दोन दिवशी सकाळी प्रत्येक झाडाखाली अर्धा तास उभं राहून ये-जा बघा. चालू घरट्याची फांदी खडूने खूण करून सोडून द्या. फांद्या तोडायलाही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ती घेतली आहे का, हे समितीकडे कागद मागून बघा. जुलै-ऑगस्टमध्ये बगळ्यांची विष्ठा गाड्यांवर पडते म्हणून पर्जन्यवृक्ष छाटू देऊ नका, उडता न येणारी पिल्लं थेट डांबरावर पडतात. त्या दोन महिन्यांपुरती गाड्यांना ताडपत्री घाला.

पिल्लू खाली पडलंय, काय करू?

आधी बघा ते कोणत्या वयाचं आहे. पिसं फुटलेली, शेपूट आखूड, पायांवर उभं राहून उड्या मारणारं पिल्लू हरवलेलं नाही. ते उडायला शिकत आहे आणि आई-बाप जवळच आहेत. मांजर-कुत्रं असेल तर उचलून जवळच्या झुडपात किंवा भिंतीवर ठेवा आणि लांब जा. उघडं, पिसं नसलेलं पिल्लू मात्र घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकत नाहीत. घरटंच पडलं असेल तर तळाला भोकं असलेल्या लहान टोपलीत सुकं गवत घालून त्याच फांदीवर बांधा आणि दोन तास लांबून बघा, आई येते का.

चोचीत पाणी ओतू नका. ते श्वासनलिकेत जातं आणि पिल्लू दगावतं. दूध-भात नको. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, मऊ कापडावर, अंधाऱ्या शांत जागी ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पोपटाचं पिल्लू ‘वाचवून’ घरी पाळणंही बेकायदा आहे.

मे महिन्यात कावळे डोक्यावर झेपावतात.

वर घरटं आहे आणि पिल्लं उडायच्या बेतात आहेत. तीन-चार आठवडे छत्री घ्या किंवा दुसऱ्या फाटकाने जा. काठी उगारलेली कावळा लक्षात ठेवतो. त्याच घरट्यात कोकिळेचं पिल्लूही असू शकतं. तिचं अंडं कावळ्याच्या अंड्याआधी फुटतं. त्यात ‘न्याय’ करायला जाऊ नका, दोन्ही पक्षी हे पूर्वापार करत आले आहेत.

पक्षी गाडीच्या आरशावर सतत चोच मारतो.

दयाळ किंवा शिंजीर असेल. विणीच्या दिवसांत प्रतिबिंब त्याला हद्दीत शिरलेला दुसरा नर वाटतं. आरशावर कापडी पिशवी घाला. मोठ्या काचांवर आपटणं वेगळं: पक्ष्याला त्यात झाडं आणि आकाश दिसतं. त्यासाठी बाहेरून दर ५ सेंमीवर ठिपके किंवा पट्ट्या लावा. एकच घारीचं स्टिकर लावून काही होत नाही. दाण्याचं ताट काचेपासून एक मीटरच्या आत ठेवा, म्हणजे उडताना वेगच येत नाही.

नोंदी ठेवायच्या असतील तर?

वहीत तारीख, वेळ, पक्षी, चोचीत काय होतं, कुठल्या झाडावर, एवढे रकाने पुरे. ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्या तर त्या अभ्यासाच्या कामी येतात. फेब्रुवारीतली ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही घराजवळच्या पक्ष्यांची मोजणी आणि ५ ते १२ नोव्हेंबरचा महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह (मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिवसांना धरून ठरवलेला) हे सुरुवातीला चांगले.

घरटं रिकामं झालं. काढून टाकू का?

पिल्लं उडाल्यावर दोन आठवडे थांबा. चिमणी आणि साळुंकी त्याच जागी दुसरी वीण करतात. बुलबुल आणि शिंपी बहुधा नवं बांधतात. झाडावरचं घरटं तसंच राहू द्या, पावसात ते आपोआप जातं. पेटी मात्र ऑक्टोबरमध्ये उघडा: मास्क लावून जुनं गवत काढा, उकळतं पाणी ओता (माइट आणि पिसवा मरतात), कडक उन्हात दोन दिवस वाळवा, बिजागरीला तेल द्या आणि त्याच जागी, त्याच दिशेला परत लावा.